गाण्याची ईर्ष्या

परक्या देशात, परक्या परीक्षकांपुढे समूहाने गाण्याच्या स्पर्धा आज जगभर होतात. पदरमोड करून आणि रजा काढून माणसे तेथे कशासाठी जातात? आम्हां कामगार चळवळीतल्या लोकांना हा प्रश्न पडतो, कारण रजेची किंमत आम्हांला पुरती ठाऊक आहे.

सोलापूरकरांना गाण्यातली चढाओढ नवी नाही. 1762 साली जन्मलेले आपले रामजोशी वैदिक घराण्यातले. तमाशाच्या नादापायी घर सुटले, पंढरपुरास विद्या केली, तरी डफाची ओढ सुटली नाही. कलगीवाले शक्तीला थोर मानीत, तुरेवाले शिवाला. एकाने कूट घालावे, दुसऱ्याने ते भर फडात उलगडावे. बिदागी मिळे हे खरे. पण नुसत्या बिदागीसाठी कोणी रात्र जागवीत नाही.

तथापि फडातले श्रोते आपल्याच मुलखातले. परमुलखात जाऊन गाण्याचा जुना दाखला सापडतो तो वेल्समध्ये, म्हणजे ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींच्या डोंगराळ मुलखात. 1847 साली सरकारी चौकशीच्या अहवालाने तेथल्या लोकांना अडाणी आणि अनीतिमान ठरविले, त्यांच्या भाषेलाही नावे ठेवली. (कष्टकऱ्यांविषयी असले शेरे आम्हीही पुष्कळ वाचले आहेत.) पुढे 1872 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील स्पर्धेस दक्षिण वेल्समधून चारशेंवर गाणारे निघाले. त्यांत खाणकामगार होते, लोखंडाच्या कारखान्यांतले मजूर होते, बायाही होत्या. त्यांचा नायक ग्रिफिथ ऱ्हीस जोन्स ऊर्फ कॅराडॉग हा धंद्याने लोहार. विलायती स्वरलिपी शिकायला पैसा आणि सवड लागे; म्हणून आपल्या सारेगमसारखी अक्षरांची सोपी पद्धत गरिबांत रूढ झाली होती, तिच्यावर पुष्कळजण गाणे बसवीत. त्या वर्षी समोर कोणी उभेच राहिले नाही आणि हजार पौंडांचा चषक बिनविरोध मिळाला. 1873 साली मंडळी पुन्हा गेली, तेव्हा मात्र लंडनचाच संघ समोर होता. त्याला हरवून ती घरी परतली. आमच्या मते खरा विजय हा दुसरा. ज्यांनी अडाणी म्हटले त्यांच्याच राजधानीत, त्यांच्याच कानांनी केलेला तो निवाडा होता.

त्याच वेल्समध्ये लँगोलेन गावी 1947 पासून आंतरराष्ट्रीय गायनमेळा भरू लागला. पहिल्या वर्षी फ्रान्समध्ये रेल्वेचा संप होता. संपवाल्यांना आम्ही दोष देणार नाही. पण हंगेरीच्या कामगार गायकांना मिळेल त्या वाहनाने वाट काढावी लागली आणि तरीही ते पोचले. आपल्याकडून 2010 साली शिलाँगचे गायक चीनमधील शाओशिंगला जाऊन सुवर्णपदके घेऊन आले.

सोलापूरच्या मोठ्या गिरण्या बंद पडल्या, पण कामगारांच्या भजनस्पर्धा आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. दिवसपाळी करून आलेला मृदंगवाला निकालानंतर ढालीकडे वळण्याआधी एकच गोष्ट विचारी, परीक्षक कुठले होते? ते आपल्या गावचे नव्हते, बाहेरून आले होते, असे कळले की घरी जाताना तेच सर्वांना सांगत सुटे.