चिखलाच्या हातांनी वाहिलेले कमळ

धाराशिव शहरापासून आठेक किलोमीटरवर, बालाघाटाच्या डोंगरात, लेण्यांची एक रांग आहे. दुसऱ्या क्रमांकाचे लेणे त्यांत मोठे: सुमारे ८० फूट लांब-रुंद मंडप, भोवती खोल्या आणि गाभाऱ्यात पद्मासनातली भव्य मूर्ती. मांडणी अजिंठ्याची आठवण करून देणारी. म्हणूनच ही लेणी मुळात पाचव्या शतकातली, बौद्धांची आणि पुढे जैनांनी आपलीशी केलेली, असे मधुकर ढवळीकरांसारखे संशोधक मानतात. जैन परंपरा त्यांचे नाते करकंडू राजाशी जोडते. गंमत म्हणजे याच नावाशी जुळणारा कलिंगचा राजा बौद्ध जातककथांतही भेटतो. लेण्यांप्रमाणे राजाही दोघांचा!

मुनी कनकामरांनी साधारण अकराव्या शतकात अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ रचले. हिरालाल जैन यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती १९३४ साली विदर्भातल्या कारंज्याहून निघाली. या काव्यात तेरापूर, म्हणजे आजचे तेर, आणि जवळच्या डोंगरातली लेणी येतात. शिवाय कर्माचा एक विलक्षण काटेकोर हिशेबही येतो.

करकंडू पूर्वजन्मी गुराखी होता. तळ्यातले कमळ त्याने तोडले, तेव्हा नागाने बजावले, जो सर्वांत थोर असेल त्यालाच हे वाहा. गुराखी शेठकडे गेला. शेठने राजाकडे बोट दाखवले, राजाने मुनींकडे आणि मुनींनी जिनेश्वराकडे. एवढ्या थोरामोठ्यांच्या दारी जाऊनही पोराने स्वतःसाठी काही मागितले नाही. जिनेश्वराला कमळ वाहिल्याच्या पुण्याने पुढच्या जन्मी त्याला राज्य मिळाले. पण फूल वाहताना हात चिखलाने बरबटलेले होते, म्हणून राजाच्या हाताला खाजही आली. भाबड्या पोराची एवढी चूक तरी माफ व्हायला हवी होती, असे वाटते. कनकामर ती सोडत नाहीत. पुण्याने दोष पुसला जात नाही. दोन्हींची फळे वेगवेगळी भोगावी लागतात.

लेण्यांपाशी राजाला एक हत्ती दिसतो. सोंडेत पाणी आणि कमळ आणून तो रोज एका वारुळाची पूजा करतो. राजा वारूळ खणवतो, तर आत पार्श्वनाथांची मूर्ती! ती तिथे आणणारे दोघे विद्याधर भाऊ पुढे साधू झाले होते. एक निर्मळ मनाने गेला आणि देव झाला. दुसऱ्याच्या मनात कपट राहिले, तो हत्ती झाला. दीक्षा दोघांची सारखीच, फरक फक्त मनाचा. स्वतः राजाही सुटत नाही. लेण्यातल्या मूर्तीवरची एक गाठ डोळ्यांना खुपली म्हणून तो ती फोडवतो आणि पाण्याचा लोट लेण्यात शिरतो. आपल्या हट्टाचा त्याला पस्तावा होतो. पुढे तो तिथे नवे लेणे कोरवतो.

तेर कनकामरांच्या काळीही जुनेच गाव होते. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात ते ‘तगर’ म्हणून येते. इथले कापड गाड्यांतून भडोचला जाई. याच गावात पुढे संत गोरोबाकाका कुंभार झाले. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना पोटचे पोर पायाखाली गेले. पुढे पत्नीला न शिवण्याची शपथ मोडली म्हणून त्यांनी स्वतःचे हात तोडले. वारकरी सांगतात, पंढरपुरी नामदेवांच्या कीर्तनात हातही परत आले आणि मूलही. सांडलेले सगळे विठ्ठलाने याच जन्मी भरून दिले. कनकामरांच्या कथेत मात्र खुद्द राजालाही तशी सवलत नाही.