बारा हॉस्पिटलं आणि परत आलेली हजार माणसं

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला गेलेले आईवडील तिकडे आजारी पडले, की इकडून फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर कोण आहेत?" उत्तर ऐकून इकडचे चक्रावतात, कारण या सोमवारी एक नाव असतं आणि पुढच्या सोमवारी भलतंच. आणि नेहमीचा डॉक्टर? तो हॉस्पिटलात फिरकतही नाही! नात्यातल्या तिघांनी तरी मला हे विचारून झालंय, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

तर मंडळी, ही पद्धत काही फार जुनी नाही. पूर्वी तिकडचा फॅमिली डॉक्टरसुद्धा सकाळी हॉस्पिटलात जाऊन आपले पेशंट बघायचा आणि मग दवाखाना उघडायचा. ऑगस्ट १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातले रॉबर्ट वॉक्टर आणि ली गोल्डमन यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये जेमतेम चार पानांचा एक लेख लिहिला आणि त्यात 'हॉस्पिटलिस्ट' हा शब्द वापरला. म्हणजे दिवसभर वॉर्डातच असणारा, बाहेर दवाखाना नसलेला डॉक्टर. १९९७ मध्ये त्यांची संघटना झाली, २००६ मध्ये स्वतःचं नियतकालिक निघालं, आणि वीस वर्षांत त्यांची संख्या पन्नास हजारांच्या घरात गेली. इतक्या झपाट्याने वाढलेली वैद्यकाची दुसरी शाखा निदान मला तरी माहीत नाही.

फायदा उघड होता. दुपारी तीनला पेशंटचा श्वास लागला, तर डॉक्टर मजल्यावरच असतो. पण एक सांधा नवा तयार झाला. जो पेशंटला वीस वर्षं ओळखतो तो हॉस्पिटलात नाही, आणि जो हॉस्पिटलात आहे तो त्याला कालपासून ओळखतो.

दुसरा सांधा वेगळ्याच कारणाने वाढला. मार्च १९८४ मध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी न्यूयॉर्कच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, दाखल झाल्यावर काही तासांतच गेली. तिचे वडील पत्रकार. शिकाऊ डॉक्टरांना किती तास सलग राबवतात, हा प्रश्न त्यांनी लावून धरला. न्यूयॉर्क राज्याने १९८९ मध्ये नियम केला, आणि जुलै २००३ पासून देशभर आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. (८० तास ही 'मर्यादा', हे वाचून आपल्याकडच्या निवासी डॉक्टरांना हसू येईल की रडू, कोण जाणे.) झालं ते योग्यच झालं. पण पाळ्या आखूड झाल्या की पेशंट एका हातातून दुसऱ्या हातात जास्त वेळा जातो, आणि प्रत्येक वेळी काहीतरी सांगायचं राहतं.

आता गंमत अशी की हे राहून गेलेलं एकेका हॉस्पिटलाला स्वतःचं स्वतःला दिसत नाही. एखादी चूक झाली की तिला कारण मिळतंच. त्या रात्री गर्दी होती, तो मुलगा नवीन होता, नातेवाइकांनी नीट सांगितलं नाही. हीच चूक दुसऱ्या गावात, तिसऱ्या गावात तशीच सापडली, तरच कळतं की दोष त्या रात्रीचा नव्हता. त्यासाठी मेडिकल कॉलेजांच्या हॉस्पिटलांनी आपले केसपेपर एकमेकांसमोर उघडायला हवेत. ही विद्यापीठं एरवी विद्यार्थी, पेशंट, संशोधनाचा पैसा या सगळ्यासाठी एकमेकांशी स्पर्धा करणारी! मला या इतिहासात सगळ्यात मोठी वाटते ती हीच गोष्ट.

लहान मुलांच्या डॉक्टरांनी हे आधी जमवलं. पाळी बदलताना पेशंट कसा सोपवायचा याची त्यांनी 'आय-पास' नावाची पाच पायऱ्यांची रीत बसवली. आजार किती गंभीर, थोडक्यात हकीकत, काय करायचं राहिलंय, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, आणि शेवटी ऐकणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ हॉस्पिटलांत, १०,७४० दाखल मुलांवर तिचा परिणाम मोजला. २०१४ मध्ये निकाल छापून आला. चुका २३ टक्क्यांनी कमी, आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी कमी. वेळ? दर पेशंटमागे पूर्वीइतकाच, सुमारे अडीच मिनिटं.

मोठ्यांच्या बाजूला अँड्र्यू ऑरबॅक यांच्या पुढाकाराने 'होमरन' नावाचं जाळं उभं राहिलं. (बेसबॉलमधला होमरन म्हणजे साधारण आपला षटकार. अमेरिकन माणूस आद्याक्षरं जुळवल्याशिवाय संशोधनाला हात घालत नाही.) तेव्हा एक प्रश्न ऐरणीवर होता. डिस्चार्जनंतर तीस दिवसांत पेशंट परत आले, तर ऑक्टोबर २०१२ पासून सरकारी मेडिकेअर योजना हॉस्पिटलाचे पैसे कापू लागली होती. परत येणारे सगळे हॉस्पिटलाच्या चुकीने येतात का? बारा हॉस्पिटलांनी मिळून परत आलेली हजार माणसं घेतली. त्यांना विचारलं, त्यांच्या डॉक्टरांना विचारलं, दोन-दोन डॉक्टरांनी कागद तपासले. २०१६ मध्ये छापलेलं उत्तर असं, की २६९ जणांचं परत येणं टाळता आलं असतं. म्हणजे चौथ्या हिश्शाहून थोडं जास्त. उरलेल्यांबद्दल दंड कशाचा, हा माझा प्रश्न.

पण मला त्यातली कारणं जास्त बोलकी वाटली. लवकर घरी पाठवणं हे एक. बाहेरच्या डॉक्टरला महत्त्वाची गोष्ट न कळवणं हे दुसरं. आणि हजारातल्या सुमारे साठ जणांना घरी गेल्यावर त्रास झाला तर फोन कुणाला करायचा हेच माहीत नव्हतं! तो १९९६ सालचा सांधा, तो हा.

२०२० मध्ये कोविड आला तेव्हा हे जाळं आयतं हाताशी होतं. पेशंटला घरी कधी सोडायचं याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, तेव्हा बावीस हॉस्पिटलांचे नियम एकत्र मांडून तुलना केली गेली. नियम जागोजागी वेगळे निघाले. पण निदान ते वेगळे आहेत हे तरी कळलं.

जानेवारी २०२४ मध्ये याच लोकांनी आणखी कडू गोष्ट छापली. २९ हॉस्पिटलं, २,४२८ पेशंट, सगळे एकतर दगावलेले किंवा अचानक आयसीयूत हलवलेले. त्यातल्या ५५० जणांचं, म्हणजे २३ टक्क्यांचं, निदान चुकलं होतं किंवा उशिरा झालं होतं. देशातली नावाजलेली हॉस्पिटलं, आणि हे आकडे त्यांच्याच डॉक्टरांनी काढलेले. पेशंट होते २०१९ सालचे, कोविडच्या आधीचे. गर्दीचं कारण पुढे करायलाही जागा नव्हती.