शब्दांचं गाडीभाडं

कविसंमेलनासाठी रत्नागिरीहून निघालो की घरात पहिला प्रश्न येतो, ‘गाडीभाडं कोण देणार?’ अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकामुलांसह तीर्थोतीर्थी हिंडत. प्रवास पायी. देवळात पुराण सांगायचं, ऐकणारे धान्य, फळं, पैसे ठेवतील त्यावर पुढची वाट धरायची. दुष्काळ पडला आणि ऐकणाऱ्यांचेच हात रिकामे झाले. १८७४ साली आईवडील गेले.

रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास मात्र चालत राहिले. मूठभर धान्य भिजवून मिठाशी खाल्लं. पंजाबच्या थंडीत पांघरूण नव्हतं, तेव्हा नदीकाठी खड्डे खणून अंगावर गळ्यापर्यंत वाळू ओढून घेतली. याला काटकसर म्हणवत नाही. ती उपासमार होती.

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हटलं. १८८२ साली त्यांचं ‘स्त्रीधर्मनीति’ हे मराठी पुस्तक निघालं. त्याच्या विक्रीच्या पैशांतून पुढच्या वर्षी त्या लहानग्या मनोरमेला घेऊन विलायतेच्या बोटीत बसल्या. १८८७ साली अमेरिकेत इंग्रजी पुस्तक काढलं. त्याची कमाई विधवांच्या शाळेसाठी ठेवली. १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडलं.

विद्या तीच होती. देवळात ती दात्याच्या मर्जीवर होती. पुस्तकात तिला किंमत आली. म्हणून श्रोतेहो, मानधनाचं पाकीट मी तिथंच उघडून मोजतो. लाज वाटत नाही.