आंबेजोगाईचे भग्नावशेष आणि खोलेश्वराचे घराणे

बीड जिल्ह्यात जयंती नदीच्या काठी वसलेले आंबेजोगाई हे योगेश्वरीचे स्थान म्हणून सर्वश्रुत आहे. हैदराबाद संस्थानाच्या काळात मोमिनाबाद म्हणून ओळखले गेलेले हे गाव यादवकालीन लेखांत ‘आंबे’ या नावाने येते. आद्यकवी मुकुंदराजांची आणि दासोपंतांची समाधी येथे असल्याने वाङ्मयाच्या अभ्यासकांचे लक्ष या गावाकडे पूर्वीपासून आहे. त्या मानाने येथील पाषाणावशेषांचा एकत्रित विचार मात्र फारसा होत नाही.

या अवशेषांपैकी ‘हत्तीखाना’ किंवा ‘जोगाईचा मंडप’ हे लेणे कातळात खोदलेले असून, शिल्पित हत्तींमुळे त्यास पहिले नाव पडले. दुसऱ्या नावामागे लोककथा आहे. परळीच्या वैजनाथाशी योगेश्वरीचा विवाह ठरला; परंतु मुहूर्त टळला आणि वऱ्हाड दगडाचे झाले, अशी ती कथा. लेण्याच्या मूळ प्रयोजनाचा विसर पडल्यावर लोकमानसाने त्या दगडांना दिलेला हा अर्थ होय. इतिहास म्हणून ती ग्राह्य नसली, तरी परळी व आंबे या दोन क्षेत्रांचा जुना संबंध तीत प्रतिबिंबित झाला आहे.

सकलेश्वराच्या देवालयाचीही स्थिती अशीच आहे. देवालय भग्न झाले, खांब तेवढे उभे राहिले आणि लोक त्यास ‘बाराखांबी’ म्हणू लागले. देवाचे नाव मागे पडून उरलेल्या खांबांची संख्याच वास्तूचे नाव झाली. येथे शिलालेखांचे साहाय्य मोलाचे ठरते. आंबे येथील शके ११५० (इ. स. १२२८) आणि शके ११६२ (इ. स. १२४०) या वर्षांचे संस्कृत लेख यादव राजा दुसरा सिंघण याच्या कारकिर्दीतील असून, त्याचा सेनापती खोलेश्वर याच्या घराण्याची माहिती त्यांतून मिळते. ग. ह. खरे यांनी हे लेख प्रसिद्ध करून अभ्यासकांची मोठी सोय केली.

खोलेश्वर मुद्गल गोत्री ब्राह्मण होता. शास्त्राध्ययनाच्या कुळात जन्मूनही त्याने शस्त्र धरले आणि सिंघणाच्या उत्तरेकडील मोहिमा चालविल्या. त्याचा पुत्र राम गुजरातच्या स्वारीवर गेला असता नर्मदेच्या काठी युद्धात पडला. त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ आंबे येथे देवालय उभारले. यादवांच्या गुजरात-धोरणाचे एक महत्त्वाचे साधन अशा रीतीने एका भगिनीच्या शोकातून निर्माण झाले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. राजकीय इतिहासकार या लेखातून स्वारी तेवढी उचलतात. परंतु तेराव्या शतकात एका सेनानीची कन्या देवालय बांधविते आणि आपल्या कुळाची कीर्ती शिळेवर कोरविते, हे सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने त्याहून कमी मोलाचे नाही.

राज्य पुरातत्त्व विभागाने अलीकडे सकलेश्वर परिसरात केलेल्या उत्खननात मातीखाली गेलेले मंदिरांचे पाये उघडे झाले. यावरून उभे खांब म्हणजेच संपूर्ण वास्तू, ही समजूत अपुरी ठरते. पाया, सुटा शिल्पखंड आणि लेख यांचा परस्परसंबंध जागेवरच स्पष्ट होतो. दगड एकदा हलविला, घराच्या भिंतीत बसविला किंवा अन्यत्र नेऊन मांडला, की त्याचे सौंदर्य कायम राहते, साक्ष मात्र नाहीशी होते. म्हणून आंबेजोगाईच्या प्रत्येक सुट्या दगडाची, तो जेथे आहे तेथेच, मोजमाप व आराखड्यासह नोंद होणे हे जीर्णोद्धाराच्याही आधीचे कर्तव्य होय.