औषध तेच, वाट निराळी

अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक अजूनही 'डफरीन' म्हणतात आणि अकोल्याच्या रुग्णालयाला 'लेडी हार्डिंग'. दोन्ही नावे व्हाइसरॉयांच्या पत्नींची. त्यांपैकी लेडी डफरीन यांनी 1885 साली उभारलेल्या निधीमुळे बाळंतिणीच्या जिवाचा प्रश्न सार्वजनिक झाला. पण पाळी गेलेल्या बाईचे काय? तिच्या अंगाची लाही, तुटलेली झोप, आतील कोरडेपणा हे सारे 'वय झाले' एवढ्या दोन शब्दांत मिटविण्याची आपल्या घरांतून रीत पडली आहे.

या त्रासावर गर्भार घोडीच्या मूत्रातून काढलेल्या संप्रेरकाची 'प्रेमारिन' ही गोळी 1942 साली अमेरिकेत मान्य झाली. 1975 साली असे दिसून आले, की नुसत्या ईस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. म्हणून गर्भाशय असलेल्या स्त्रीला प्रोजेस्टेरॉनची जोड आवश्यक ठरली. पुढे 1986 साली अमेरिकेत कातडीवर चिकटविण्याची पट्टी आली. त्वचेवर चोळण्याचे जेल फ्रान्समध्ये त्याआधीच वापरात होते.

वाटेने एवढा फरक का पडावा? खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्याला हे सांगावयास नको. पाणी आकाशातलेच, पण ते कोणत्या जमिनीतून मुरले यावर त्याचा गुण ठरतो. गोळी आतड्यातून प्रथम यकृतात जाते आणि तेथे रक्त गोठविणारी द्रव्ये वाढविते. पट्टी व जेल यांतील औषध थेट रक्तात उतरते.

2002 साली अमेरिकेतील 16,608 स्त्रियांवरील मोठा प्रयोग धोके दिसल्यामुळे मध्येच थांबला आणि जगभर बायकांनी भीतीने औषध टाकले. परंतु तो प्रयोग गोळीचा होता. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील एका पाहणीत गोळी घेणाऱ्यांत रक्तगाठीचा धोका सुमारे साडेतीन पट दिसला. त्वचेवाटे घेणाऱ्यांत तो वाढलेला आढळला नाही. एका वाटेचा दोष सगळ्या वाटांवर लादला गेला होता.

म्हणून पट्टी सर्वांनाच निर्धोक, असे आम्ही म्हणणार नाही. स्तनाच्या कर्करोगाचा प्रश्न केवळ वाट बदलून सुटत नाही, आणि वैशाखातल्या घामाने पट्टी सुटूही शकते. तक्रार केवळ कोरडेपणाची असेल, तर त्याच जागी लावण्याचे मलम पुष्कळदा पुरते. आमचे मागणे लहान आहे. वऱ्हाडातल्या माउलीने डॉक्टरांना 'औषध देता का?' एवढेच न विचारता 'कोणत्या वाटेने देता, आणि का?' हेही विचारावे. आणि घरच्यांनी तिला तेवढे बोलू द्यावे.