कोयना-वारणा भूकंपक्षेत्र
कोयना-वारणा भूकंपक्षेत्र : सातारा, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमाभागातील, सह्याद्रीलगतचे जलाशय-प्रेरित भूकंपांचे जगप्रसिद्ध क्षेत्र. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात १९६२ मध्ये पाणी साठू लागल्यावर येथे धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ६.३ महत्तेचा भूकंप झाला. कोयनानगरची मोठी हानी होऊन १७५ हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. १९८५ पासून वारणा (चांदोली) जलाशय भरू लागला आणि पुढे भूकंपांचा पट्टा दक्षिणेकडे, कोल्हापूरच्या सीमेजवळ विस्तारला.

कारणमीमांसा : पाण्याच्या भाराने खडकांवरील ताण बदलतो. झिरपणाऱ्या पाण्यामुळे भेगांतील दाब वाढून घर्षण घटते व आधीच ताणलेला प्रस्तरभंग सरकतो. पावसाळ्यात पातळी वाढल्यावर धक्क्यांची संख्याही बहुधा वाढते.

मापन : भूकंपमापकावर आधी प्राथमिक व नंतर दुय्यम तरंग उमटतात. दोहोंतील कालांतरावरून केंद्राचे अंतर मिळते. अनेक वेधशाळांच्या नोंदींवरून स्थान ठरते. येथे खोल विंधनछिद्रांतही भूकंपमापक बसवले आहेत. गोठणे येथील सुमारे ३ किमी. खोल छिद्र बेसाल्ट भेदून ग्रॅनाइटी खडकात गेले आहे. संशोधनाचे केंद्र कराड येथे आहे.

तुलना : कोयनेप्रमाणे प्रस्तरभंग न सरकताही भूकंप होऊ शकतात. ग्रीनलंडमध्ये हिमनदीच्या टोकाचे प्रचंड हिमखंड तुटून कलंडताना सुमारे ५ महत्तेचे हिमनदी-भूकंप होतात. त्यांत लघुआवर्ती तरंग क्षीण असल्याने नेहमीच्या पद्धतींतून ते निसटत; दीर्घावर्ती नोंदी तपासून २००३ मध्ये ते ओळखले गेले.