वऱ्हाडच्या पैमाशीची टिपणे

निजामाशी झालेल्या 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारकडे आला, आणि पुढे 1861 मध्ये मुंबई इलाख्याच्या पद्धतीवर तेथील जमिनीची पैमाश सुरू झाली, तेव्हा मलकापूरच्या काळ्या कपाशीच्या रानापासून मेहकरच्या चढउताराच्या मुलखापर्यंत प्रत्येक वावराची आकृती कागदावर उतरवण्याचे प्रचंड कार्य आरंभले गेले. या पैमाशीचा विचार बहुधा साऱ्याच्या रकमेपुरताच होतो. परंतु एकाने शेतात उभे राहून आकडे टिपावेत आणि ते शेत कधीही न पाहिलेल्या दुसऱ्याने, कचेरीत बसून, केवळ त्या आकड्यांवरून त्याची आकृती बिनचूक काढावी, ही जी व्यवस्था तिने घालून दिली, तीच मला तिच्या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

जमिनीचे माप त्यापूर्वी नव्हते असे नाही. अकबराच्या अमदानीत मेहकर हे एका सरकारचे ठाणे होते आणि त्या सरकारातील परगण्यांच्या जमाबंदीची नोंद ‘आइन-इ-अकबरी’त आहे; मलिक अंबराच्या धाऱ्याची कीर्तीही दख्खनभर होती. पाच हात पाच मुठींची काठी, वीस चौरस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चाहूर हे कोष्टक मराठी मुलखाच्या अंगवळणी पडलेले होते. पण दस्तऐवजात शेत ओळखले जाई ते धारकाच्या नावाने व चतुःसीमेने: पूर्वेस अमक्याचे वावर, पश्चिमेस नाला, उत्तरेस गाडीवाट. अशा वर्णनाने जागा कळते, आकार कळत नाही. आणि नाला सरकला किंवा शेजाऱ्याने धुरा कोरला, की पंचांच्या स्मरणावाचून दुसरा आधार उरत नाही.

आकाराची ही अडचण गणिताच्या दृष्टीने फार जुनी आहे. अजिंठ्याच्या ज्या डोंगररांगेत बुलढाण्याजवळ पैनगंगा उगम पावते, तिच्याच पश्चिम भागात चाळीसगावनजीक पाटण येथे ज्या भास्कराचार्यांच्या वंशजांचा शिलालेख आहे, त्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच ‘लीलावती’त बजावून ठेवले, की केवळ चार भुजा सांगून चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणारा आणि ते सांगणारा, दोघेही अज्ञानी होत, कारण कर्ण किंवा लंब दिल्यावाचून चौकोन निश्चितच होत नाही. 33 फुटी साखळीने दहा-दहा साखळ्या भरणाऱ्या चार बाजूंचे वावर काटकोनात असेल तर 100 गुंठे, म्हणजे अडीच एकर, भरते. तेच कलंडून त्याचा लंब 6 साखळ्यांवर आला, तर बाजू होत्या तेवढ्याच राहूनही क्षेत्र 60 गुंठ्यांवर उतरते. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करण्याची जी स्थूल रीत आपल्या प्राचीन ग्रंथांतही सांगितलेली आहे, तिच्या आधारे असा एक संपूर्ण एकर कागदावर जास्तीचा उत्पन्न होऊ शकतो, आणि त्याचा सारा मात्र कुणब्याला रोख द्यावा लागतो.

मुंबई इलाख्याच्या पद्धतीचा पाया गोल्डस्मिड व विंगेट यांनी 1835 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात घातला आणि 1847 च्या संयुक्त अहवालाने ती नियमबद्ध झाली. तिची उपकरणे साधी होती. साखळी 33 फुटांची, तिचे भाग 16, आणि प्रत्येक भागास नाव आणा. काटकोन साधण्यासाठी शंकू. शेताच्या लांबीच्या अंगाने एक आधाररेषा धरावयाची, प्रत्येक कोपऱ्यापासून तिच्यावर लंब टाकावयाचा, आणि आधाररेषेवर किती साखळ्या चालल्यावर, कोणत्या हाताला, किती लांबीचा लंब निघाला, हे हाताने काढलेल्या कच्च्या आकृतीवर नोंदवावयाचे. हेच टिपण. ते प्रमाणात नसते, आणि नसले तरी बिघडत नाही, कारण आकृतीचा सगळा अर्थ रेषांत नव्हे तर त्यांच्यावर लिहिलेल्या अंकांत असतो. वावर कितीही वेडेवाकडे असो, त्याचे काटकोन त्रिकोण आणि समलंब चौकोन यांत विभाजन होते. एका त्रिकोणाचा पाया 12 साखळ्या व लंब 5, तर 30 गुंठे. शेजारच्या तुकड्याचे दोन लंब 5 व 3 आणि त्यांच्यातील अंतर 4, तर 16 गुंठे. एकूण 1 एकर 6 गुंठे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजेच एक गुंठा, असे 40 गुंठे म्हणजे एक एकर, हा मेळ इतका सुंदर आहे की ज्याने ही साखळी ठरवली त्याच्या व्यवहारदृष्टीला मनःपूर्वक दाद द्यावीशी वाटते.

मोजणीदारामागून प्रतबंदी करणारा येई, आणि त्याचीही एक आकृती असे. तो शेताचे कल्पनेने सारखे चौकोन पाडी, प्रत्येक चौकोनात माती किती खोल आहे ते खणून पाही, आणि खडकाळपणा, वाळू, चुनखडी, पाण्याचा निचरा असे दोष ठराविक चिन्हांनी त्या त्या घरात मांडी. त्यावरून शेताची प्रत आण्यांत ठरे. पूर्णेच्या खोऱ्यातील पाईनघाट आणि चिखली-मेहकरचा बालाघाट यांच्या भूमीत जो फरक आहे, तो साखळीने सांगता येत नव्हता. तो या चौकोनांनी सांगितला.

आज शाळेतील मुलगा संगणकाच्या आज्ञावलीत भुजांची लांबी भरून पडद्यावर त्रिकोण काढतो, तेव्हा तो टिपणाचीच रीत पुन्हा आचरत असतो, आणि आज्ञावली लिहिणाऱ्यालाही भास्कराचार्यांचाच नियम पाळावा लागतो: दोन भुजांची बेरीज तिसरीहून अधिक आहे ना हे तपासावे, आणि चौकोनासाठी चार अंकांवर समाधान न मानता कर्ण किंवा कोन मागून घ्यावा. भूमि अभिलेख खात्याने ई-नकाशा योजनेत जुने मोजणी नकाशे व टिपणे संगणकात आणण्याचे काम हाती घेतले आहे. तेथे आण्यांचे मीटर होतात, गुंठ्याचे 101.17 चौरस मीटर होतात, आणि गुंठा व आर यांतील अंतर एका चौरस मीटरहून थोडे अधिक इतकेच असल्यामुळे पुष्कळ लोक दोन्ही एकच समजतात. पण पंचवीस एकरांच्या, म्हणजे हजार गुंठ्यांच्या वावरात त्या समजुतीने जवळजवळ बारा आरांची चूक होते. म्हणून टिपण संगणकात उतरवताना मूळ साखळ्या आणि आणे जसेच्या तसे शेजारी नोंदवून ठेवावेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. धुऱ्याचा तंटा उभा राहिला, तर पडताळा घ्यावयाचा तो त्या मूळ अंकांशीच.